तोरा, मजुरी आणि कुंभारी

मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजात, ज्याचे मुंबईतील पहिले प्रार्थनामंदिर सॅम्युएल दिवेकर यांनी 1796 साली उभारले, मोशेच्या पंचग्रंथाचे, अर्थात तोराचे, 54 भाग वर्षभरात दर शनिवारी क्रमशः वाचण्याचा परिपाठ आहे. त्यांपैकी ‘की तेत्से’ या भागात अशी आज्ञा आहे की गरीब मजूर, मग तो स्वकीय असो वा परका, त्याची मजुरी त्याच दिवशी सूर्यास्तापूर्वी त्याच्या हाती पडावी, कारण त्याचा जीव तिच्यावरच अवलंबून असतो. आमच्या कुंभारीत, जेथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाची विडी कामगारांची विस्तीर्ण वसाहत आहे, हे प्राचीन फर्मान आजही तितकेच निकडीचे आहे. तेव्हा वाचकहो, ज्याच्याकडून काम करून घ्याल त्याचा हिशेब त्याच दिवशी चुकता करा.