२३० आणि ४०० व्होल्टांचे गणित

घरगुती सिंगल फेज पुरवठ्याचा दाब २३० व्होल्ट आणि शेतपंपाच्या वा पिठाच्या गिरणीच्या मोटारीस मिळणाऱ्या थ्री फेजचा ४०० व्होल्ट, हे ऐकून तीन फेजांचा दाब तिप्पट का नसावा, असा प्रश्न जिज्ञासूंच्या मनात उद्भवणे स्वाभाविक आहे. वस्तुतः रोहित्रातून निघणाऱ्या प्रत्येक फेजचा न्यूट्रलशी असलेला दाब २३० व्होल्टच असतो. परंतु सेकंदास ५० आवर्तने करणारे हे तिन्ही दाब एकाच क्षणी कमाल मर्यादेस पोचत नाहीत, तर परस्परांपासून १२० अंशांनी मागेपुढे चालतात, आणि म्हणून कोणत्याही दोन फेजांमधील दाब बेरजेने ४६० न होता, २३० ला तीनच्या वर्गमुळाने, म्हणजे १.७३२ ने, गुणिले असता येणारा सुमारे ४०० एवढाच भरतो. (जुन्या दस्तऐवजांत २४० व ४१५ हे आकडे आढळतात, गुणोत्तर तेच.) खरी जोखीम न्यूट्रलची आहे: ती तार तुटली, की तिन्ही फेजांवर विभागलेल्या घरांतील दाब विषम होऊन, ज्या फेजवर भार कमी तेथे तो ४०० च्या जवळ चढू शकतो आणि उपकरणे जळतात. सबब दिवे एकाएकी अतिप्रखर झाल्यास मुख्य स्विच विनाविलंब बंद करावा व वीज कचेरीस वर्दी द्यावी.