मुरमाच्या वाटेवर सायकल

आमच्या घरी सायकल ही सहलीची वस्तू नव्हे. बाबा तिच्यावर मजुरीला जातात. दिवाळीच्या सुटीत, एका रविवारी, ती परतवाड्याहून चिखलदऱ्याला नेतो म्हटले, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "सोमवारी सकाळी दारात उभी राहील ना?"

इटलीत टस्कनीच्या डोंगराळ भागात खडीच्या पांढऱ्या रस्त्यांवर 1997 पासून जुन्या सायकलींची फेरी निघते. ते रस्ते डांबराखाली जाऊ नयेत, हा तिचा एक हेतू. आपल्या वऱ्हाडात अशा वाटा पुष्कळ. आपण त्यांना पांदण म्हणतो. काळ्या मातीची पांदण पावसाळ्यात मडगार्डात चिखल भरून चाकच धरून ठेवते. मेळघाटाच्या पायथ्याशी मात्र मुरूम लागतो. मुरूम म्हणजे झिजून भुगा झालेला बेसॉल्ट खडक. त्यातून पाणी निथळते, चाक रुतत नाही, घसरते मात्र. म्हणून टायरात हवा थोडी कमी ठेवावी, पकड वाढते.

चिखलदरा सुमारे 1,100 मीटर उंच. बिनगिअरची सायकल चढावर बरीचशी ढकलतच न्यावी लागते. त्यात लाज कसली? खरी परीक्षा उतारावर. घाटरस्ता डांबरी, पण वळणावर मुरूम सांडलेला असतो. तिथे पुढचा ब्रेक करकचून दाबला की चाक सरकलेच. वेग वळणाआधीच कमी करावा.

माझ्या मागच्या ब्रेकचे रबर अर्ध्या घाटात संपले, लोखंड रिमला घासू लागले. उरलेला घाट पायी उतरलो. परतवाड्याला दिवेलागण झाली होती. नवे रबर बसवून घेतले.

सोमवारी बाबांनी ब्रेक दाबून पाहिला आणि डबा हँडलला अडकवला.