फाउंडेशन बोल्ट : महिन्यातून एकदा पाहाच

हर्सूलमधून कामाला निघणाऱ्या आपल्या बांधवांची मोटारसायकल ही चैनीची वस्तू नव्हे. वाळूजला 1985 साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. त्या औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीला पोहोचायचे तर हर्सूल टी पॉइंटवरून सारे शहर ओलांडावे लागते. गाडी अडली की खाडा, आणि खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. म्हणून आज आम्ही गाडीच्या एका दुर्लक्षित भागाविषयी लिहीत आहोत.

इंजिन चेसिसला ज्या बोल्टांनी बांधलेले असते, त्यांना गॅरेजमध्ये फाउंडेशन बोल्ट म्हणतात. ते ढिले झाले की फुटरेस्ट जास्त थरथरतो, क्लच सोडताना खट् आवाज येतो, नटाभोवती तांबूस भुकटी दिसते. तसेच चालवत राहिल्यास बोल्टाची भोके मोठी होतात, चेसिसला तडा जातो. थोड्या पैशांचा बोल्ट मग हजारोंच्या खर्चात पाडतो आणि जिवालाही धोका होतो.

बोल्ट ढिला का होतो? आवळलेला बोल्ट किंचित ताणलेला असतो आणि त्या ताणानेच दोन्ही भाग एकमेकांवर दाबून धरतो. दाब कमी पडला की ते भाग आडवे सरकू लागतात. अशा आडव्या सरकण्यानेच नट आपोआप फिरून सुटतो, हे जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांनी 1969 साली दाखवून दिले. म्हणून नुसत्या स्प्रिंग वायसरवर विसंबू नये.

मग करावे काय? गाडी थंड असताना डबल स्टँडवर लावावी. आटे पुसून स्वच्छ करावेत. एका वेळी एकच बोल्ट काढावा. इंजिनाखाली लाकडी ठोकळ्याचा आधार द्यावा. नायलॉन कडीचा नट एकदा काढला की तिची पकड कमी होते, म्हणून नवा घालावा. कंपनीने आट्यांना लॉकिंग द्रव लावायला सांगितले असेल तर सहज उघडता येणारा मध्यम ताकदीचाच घ्यावा. सर्व बोल्ट आधी हाताने बसवावेत, मग टॉर्क पान्याने कंपनीने दिलेल्या मापानेच आवळावेत. पान्याला पाइप लावून जोर करू नये. त्याने आटे जातात, बोल्टही तुटतो.

शेवटी नटावरून चेसिसपर्यंत नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढावी. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला, असे समजावे. ही तपासणी करायला मेस्त्री लागत नाही. घरातील भगिनी किंवा शाळकरी मुलगीही महिन्यातून एकदा, सुटीच्या दिवशी, पाच मिनिटांत ती करू शकते. रेघ हललेली दिसली तर गाडी आधी गॅरेजला न्यावी, मगच कामाला न्यावी, एवढीच आमची वाचकांना विनंती आहे.