खर्जात घुमणारा बिघाड

भंगारातून आणलेला जुना हाय-फाय अँप्लिफायर लावला, की गाण्याच्या आधी एक जाडसर ‘हूंऽऽ’ सुरू होतो. कारागिरांच्या भाषेत हमिंग. पुष्कळ जण तिथेच सेट परत माळ्यावर टाकतात, नाहीतर सोल्डरिंग घेऊन दिसेल तो कंडेन्सर बदलत सुटतात. मला दोन्ही पटत नाही. हमिंग आपला ठावठिकाणा स्वतःच सांगतं. आधी ते नीट ऐकायला हवं.

आपल्या घरातली वीज 50 हर्ट्झची. चार डायोडच्या ब्रिजमधून ती गेली, की डीसीवर उरणारी लहर 100 हर्ट्झची होते. दोघांत बरोबर एका सप्तकाचं अंतर. पेटीवरच्या पांढरी पाचचा खर्ज 98 हर्ट्झचा, म्हणजे 100च्या अगदी लगत. भजनात पेटी धरणाऱ्या माणसाला हा फरक मीटरशिवाय कळतो. आवाज 100चा असेल तर संशय फिल्टर कंडेन्सरवर: आतलं द्रावण वाळलं, की त्याला लहर गिळता येत नाही. 50चा असेल तर अर्थिंग, इनपुटच्या वायरची जाळी, नाहीतर ट्रान्सफॉर्मरला खेटून गेलेली वायर. एकाच डायोडवर चालणाऱ्या स्वस्त सेटमध्ये मात्र फिल्टरचं हमिंगही 50चंच असतं. शिवाय लहान स्पीकरवर 50 हर्ट्झ धड वाजत नाही, म्हणून तपासणी मोठ्या स्पीकरवर करावी.

पण त्याआधी सिरीज दिवा. वर्षानुवर्षं बंद पडलेला सेट थेट प्लगला लावणं म्हणजे ट्रान्सफॉर्मर जाळायची तयारी. 60 किंवा 100 वॅटचा साधा पिवळा बल्ब सेटच्या ओळीत जोडायचा, एलईडी चालत नाही. बटण दाबल्यावर बल्ब क्षणभर उजळून मंद झाला, तर कंडेन्सर भरले, पुढे जायला हरकत नाही. झगझगीत पेटून तसाच राहिला, तर आत शॉर्ट आहे. लगेच बंद करावं.

मग व्हॉल्यूमचा नॉब फिरवायचा. शून्यावरही हमिंग तेवढंच राहिलं, तर दोष व्हॉल्यूमच्या पुढे, पॉवर सप्लाय किंवा आउटपुटमध्ये. व्हॉल्यूमबरोबर वाढलं, तर दोष त्याच्या मागे. अशा वेळी इनपुटची पिन काढून सॉकेट शॉर्ट करावं. आवाज गेला, तर अँप्लिफायर निर्दोष. वायर, नाहीतर तबकडीच्या प्लेअरची सुटलेली अर्थ वायर पाहावी. डिशची केबल जोडलेल्या टीव्हीचा आवाज याच सेटवर घेतला असेल, तर ती केबल काढून पाहावी. दोन वाटांनी अर्थ मिळाला, की त्यांच्यात फिरणारा प्रवाहही घुमतो.

रत्नागिरीत मी कंडेन्सरच्या आधी स्क्रू तपासतो. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी चॅसिसच्या अर्थ टॅगखाली गंज धरलेला असतो, सॉकेटवर हिरवी पूड साचलेली असते. वरून स्क्रू घट्ट वाटतो, पण खाली गंजाचा पापुद्रा असतो आणि तेवढ्या रोधानेही हमिंग येतं. स्क्रू काढून, पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत करून, दातेरी वॉशर घालून पुन्हा आवळला, की नवा पार्ट न घालता काम झालेलं मी पाहिलं आहे. भिंतीतलं अर्थिंगही बघावं. जांभ्याच्या जमिनीत त्याचा खड्डा मे महिन्यात कोरडा पडतो. कोळसा-मिठाच्या खड्ड्यात पाणी ओतावं लागतं. हमिंग घालवायला प्लगची जाड अर्थ पिन काढून टाकणारेही भेटतात. आवाज जातो खरा, पण पुढे कधी बॉडीत करंट उतरला तर तो हात लावणाऱ्याच्या अंगातून जातो. हा उपाय कधीच करू नये.

व्हॉल्व्हच्या सेटमध्ये तर आणखी जपावं लागतं. ईएल84 या व्हॉल्व्हच्या प्लेटवर अडीचशे ते तीनशे व्होल्ट असतात आणि सेट बंद केल्यावरही कंडेन्सर भरलेला राहतो. रेझिस्टर लावून तो रिकामा केल्याखेरीज आत बोट घालू नये. ‘मोठा टाकला की हमिंग जाईल’ हा समजही इथे महाग पडतो. ईझेड81 रेक्टिफायरच्या लगतच्या कंडेन्सरला 50 मायक्रोफॅरडची मर्यादा आहे. त्याहून मोठा घातला, तर दर वेळी सुरू होताना व्हॉल्व्हवर ताण येतो. लॅमिंग्टन रोडवरून कंडेन्सर मागवताना फॅरड मूळचेच सांगावेत, व्होल्ट जास्त असले तरी चालतात.

आणि स्पीकर काढल्यावरही सेटमधून गुणगुण येत राहिली, तर तो ट्रान्सफॉर्मरच्या पट्ट्यांचा आवाज. त्याचे बोल्ट आवळावेत, खाली रबर घालावं. त्यासाठी कंडेन्सर बदलायची गरज नाही.