यंत्राला पैसे, मग सल्ल्याला का नाही?

आंबिया बहार हाताशी आला आणि नेमका भाव पडला, की काटोल-नरखेडकडच्या ओसरीवर एकच विषय निघतो : "आता आपणच रसाचा कारखाना काढू." विचार चांगलाच आहे. दहा जण पैसे गोळा करतात, शेड उभी राहते, यंत्र येते. विटेपासून विजेपर्यंत सगळा हिशेब वहीत असतो. एकच रक्कम त्यात नसते, ती जाणकाराच्या सल्ल्याची.

ही रक्कम का धरावी, ते आपल्या संत्र्यालाच विचारा. एक पेला ताजा रस काढा, गोड लागेल. तोच रस तापवून काही तास ठेवा आणि पुन्हा चाखा, कडवट लागेल. नागपुरी संत्र्याच्या रसात लिमोनिन नावाचे कडू द्रव्य रस काढल्यावर तयार होते आणि उष्णतेने ते लवकर होते. बिया चिरडल्या गेल्या तर कडवटपणात भरच पडते. एकदा बाटली कडू निघाली, की गिऱ्हाईक पुन्हा तिला हात लावत नाही. यंत्र विकणाऱ्याचा सल्ला फुकट मिळतो खरा, पण तो त्याचे यंत्र खपावे म्हणून असतो. आपला माल खपावा म्हणून सल्ला देणारा माणूस आपणच नेमावा लागतो.

असे ज्ञान शोधायला आपल्याला दूर जायला नको. फळासाठी नागपुरातच लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे. 1985 साली ती सुरू झाली. जमिनीच्या अभ्यासासाठी 1976 पासून राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था आहे. अन्नप्रक्रियेचे शिक्षण देणारी लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था तर 1942 सालची. पैसा गुंतवण्याआधी या दारांवर एक फेरी मारा.

दुसरे ज्ञान कागदाचे. 2002 साली कंपनी कायद्यात दुरुस्ती झाली आणि दहा शेतकऱ्यांना मिळून उत्पादक कंपनी काढणे शक्य झाले. गावोगावी अशा कंपन्या निघाल्या. पण नोंदणीचा पेढा वाटून झाला, की पुष्कळ जण कागद विसरतात. धंदा झालेला नसला तरी दर वर्षी ताळेबंद आणि वार्षिक विवरण सरकारकडे भरावेच लागते. 2018 पासून उशिराच्या प्रत्येक दिवसाला, प्रत्येक कागदामागे 100 रुपये जादा पडतात. दोन कागद वर्षभर राहिले तर 73,000 रुपये! सलग तीन वर्षे चुकवले, तर संचालकांना पाच वर्षे कोणत्याही कंपनीत संचालक होता येत नाही. संचालक म्हणजे कोण? आपलाच काका, आपलीच वहिनी. सनदी लेखापालाची वर्षाची फी या नुकसानापुढे किती, ते तुम्हीच ताडून पाहा.

लेखापाल, वकील, प्रयोगशाळा, यंत्राची आखणी करणारा अभियंता, यांच्या कामाला अर्थशास्त्रज्ञ ज्ञानप्रधान सेवा म्हणतात. ती पोत्यात भरता येत नाही, म्हणून आपल्याला ती खर्चात धरावीशी वाटत नाही. पण नव्या उद्योगाचे बरेवाईट पुष्कळदा तिच्यावरच ठरते.

मात्र डोळे मिटून कोणालाही फी देऊ नका. त्याने पूर्वी उभे केलेले काम प्रत्यक्ष पाहून या. काय करणार, केव्हा करणार आणि किती घेणार, हे कागदावर घ्या. दुसऱ्याच्या अहवालावर फक्त नाव बदलून देणारा असेल, तर दुरूनच नमस्कार करा. एकट्याला फी झेपत नसेल, तर चार गटांनी मिळून एक हिशेबनीस ठेवावा. आणि त्याने सांगितलेले घरातल्या शिकलेल्या मुलीला वा सुनेला समजावून घ्यायला सांगा. पुढल्या वर्षी निम्मे प्रश्न घरातच सुटतील.

बागेत कलम लावताना आपण ते खात्रीच्या रोपवाटिकेतूनच आणतो, कारण चूक कळायला पाच वर्षे लागतात. उद्योगाचेही तसेच आहे. तेव्हा आज रात्री वही उघडा आणि यंत्राच्या किमतीखाली आणखी एक ओळ लिहा : सल्ल्याचा खर्च.