जुन्या पिकअपचा घरगुती जीर्णोद्धार

अमेरिकेंतील फोर्ड कंपनीनें १९४८ सालीं ‘एफ-१’ नांवाची अर्ध्या टनाची पिकअप गाडी बाजारांत आणिली. आजमितीस तेथील अनेक हौशी लोक अशा गाड्या घरच्या छपरींत दुरुस्त करून आपल्या सोयीप्रमाणें सजवितात. मात्र कामाचा आरंभ रंगापासून न करितां चासी व ब्रेक यांपासून करावा.

प्रथम गाडी भक्कम टेकूंवर उभी करावी. केवळ जॅकवर विसंबून तिच्याखालीं शिरूं नये. नंतर चासी खरवडून हातोडीनें ठोकून पाहावी. गंजलेला भाग कापून नवा वेल्ड करावा. त्यावर नुसता रंग देणें म्हणजे वाळवी लागलेल्या खांबास चुना फासणें होय.

ब्रेक तेलाच्या दाबावर चालतात. परंतु मूळ रचनेंत चारी चाकांस मिळून एकच तेलमार्ग असल्यामुळें एक नळी फुटतांच सर्व ब्रेक निकामी होतात. यास्तव नळ्या नव्या घालून, पुढील व मागील चाकांस स्वतंत्र दाब देणारा दुहेरी मास्टर सिलिंडर बसवावा. कित्येकजण मूळचें १०० अश्वशक्तीचें व्ही-८ इंजिन काढून अधिक जोराचें बसवितात. ब्रेक सुधारल्यावांचून तसें करणें प्राणावर बेतेल.

मूळची ६ व्होल्टची वीजयोजना १२ व्होल्टची केल्यास दिवेही त्याच मानाचे घ्यावे.

ज्यांच्या खळ्यावर एखादी जुनी गाडी गंजत पडली असेल, त्यांसही हाच क्रम उपयोगी पडेल. रंगाची निवड सर्वांत शेवटीं करावी.