पाण्याची वाट : भाग ६
अष्टमीला निघावं, अमावास्येला नाही

गेल्या आठवड्यात आपण फ्रान्सच्या मिदी कालव्यात होतो. १६८१ साली खुल्या झालेल्या त्या २४० किलोमीटरच्या कालव्यात प्रवासाचा हिशेब बांधणं सोपं असतं. पाणी हलत नाही, वारा विचारावा लागत नाही. इंग्लंडमधले नाववाले तर एका लॉकला, म्हणजे नाव वर-खाली करणाऱ्या दारांच्या हौदाला, एक मैल धरतात. वाटेतले मैल अधिक लॉक, भागिले तीन, की तास निघाले. संध्याकाळी काठावर दोर बांधायचा आणि सकाळी सोडायचा.

आज किनाऱ्याने जायचं आहे. मुंबईहून गोव्याला, वीस-पंचवीस फुटी शिडाच्या नावेतून. इथे लॉक नाहीत, पण दारं आहेत. प्रत्येक खाडीच्या तोंडाला एक दार आहे आणि ते दिवसातून दोनदा उघडतं, दोनदा मिटतं. त्याच्या वेळा कळल्या की प्रवासाचा निम्मा आराखडा तयार झाला असं समजा.

अकोल्याहूनच पाण्याने का निघू नये, असा प्रश्न आपले अकोल्याचे काही वाचक विचारतील. नकाशावर वाट आहेच. जुन्या शहरात असदगडाच्या पायथ्याने जाणारी मोर्णा पूर्णेला मिळते. श्रावणात गांधीग्रामहून कावडीतून ज्या पूर्णेचं पाणी राजराजेश्वराला येतं, ती चांगदेवजवळ तापीत जाते आणि तापी सुरतेपाशी समुद्र गाठते. पण आपल्या नद्या हिवाळा संपता संपता आटतात, खाली हतनूर आणि उकाई ही धरणं आहेत, आणि त्यांच्यातून नाव उतरवणारे लॉक नाहीत. धरणांच्या कितीतरी आधी, बुऱ्हाणपूर-सुरत व्यापार भरात होता तेव्हासुद्धा माल तांड्यांनी आणि गाड्यांनीच जाई. उथळ, खडकाळ तापीवर व्यापाऱ्यांनी भिस्त ठेवली नाही. तेव्हा आपण मुंबईपर्यंत रेल्वेनेच जाऊ.

आधी अंतर. शाळेतला अ‍ॅटलास पुरेसा आहे. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, म्हणजे १८५२ मीटर. कोकणचा किनारा जवळजवळ उत्तर-दक्षिण असल्यामुळे अक्षांशांची वजाबाकी हेच ढोबळ अंतर. मुंबईचा गेटवे १८ अंश ५५ मिनिटांवर, गोव्याचं आग्वाद १५ अंश २९ मिनिटांवर. फरक ३ अंश २६ मिनिटं, म्हणजे २०६ सागरी मैल. किनारा थोडा पूर्वेकडे कलतो आणि मुक्कामासाठी आत-बाहेर करावं लागतं, ते धरून सव्वादोनशे ते अडीचशे. लहान नाव तासाला चार मैल चालली तर चांगली चालली म्हणायचं. वारा पडण्याचे तास धरून दिवसाला पंचवीसच्या आसपास. रेवदंडा, मुरूड-राजपुरी, हर्णे, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला, आग्वाद असे टप्पे पडतात. चालण्याचे दहा-बारा दिवस, पण हाती तीन आठवडे ठेवावेत. ज्याला ठरल्या तारखेला ऑफिसात हजर व्हायचं आहे, त्याने हा प्रवास करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. घाई झाली की माणूस नको त्या वेळी खाडीत शिरतो.

आता भरती. तिची वेळ काढायची किनाऱ्यावरच्या लोकांची रीत अशी की तिला भिंतीवरच्या दिनदर्शिकेशिवाय काही लागत नाही. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती, पहाटे आणि दुपारी. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेला सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. भरतीनंतर सव्वासहा तासांच्या आसपास ओहोटी पूर्ण होते. हा अंदाज मुंबईच्या बाजूला चांगला जुळतो. दक्षिणेकडे जाल तशी भरती थोडी आधी येते, म्हणून छापील भरती-ओहोटीचं कोष्टक सोबत हवंच.

पाणी एका चालीने चढत नाही. चढण्याच्या सहा तासांचे बारा वाटे करा. पहिल्या तासात एक वाटा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. मुंबईला उधाणाच्या दिवसांत पाणी चार-साडेचार मीटर चढतं. चार मीटर धरले तर त्यातले दोन मीटर मधल्या दोन तासांतच येतात. खाडीच्या तोंडाशी तेव्हा प्रवाह इतका जोराचा असतो की लहान नावेचं इंजिन त्याच्याशी झगडत जागच्या जागी राहतं. गोव्याकडे हाच चढ-उतार दोन मीटरच्या आसपास येतो.

आता वारा. पावसाळा सरला की पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा सुटतो आणि दुपारी समुद्रावरून खारा वारा येतो, बहुतेक वायव्येकडून. दक्षिणेला जाणाऱ्या शिडाला याहून सोयीचं काही नाही. मतलईवर खाडीतून बाहेर पडायचं, मधल्या पडलेल्या वाऱ्यात थोडं इंजिन वापरायचं, आणि दुपारच्या वाऱ्यावर पुढची खाडी गाठायची.

तिथी आणि वारा एकत्र मांडले की या किनाऱ्याची खरी खुबी दिसते. अष्टमीला भरती सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला. पहाटे तोंडावर भरपूर पाणी, लगेच लागणारी ओहोटी नावेला बाहेर ओढते, मागून मतलई. संध्याकाळी चार-पाचला पुढच्या खाडीशी पोचाल तेव्हा पाणी चढतं असतं. समजा तळ वाळूला लागलाच, तर अर्ध्या तासात पाणीच नावेला उचलून सोडवतं. शिवाय हे भांगाच्या, म्हणजे कमी चढ-उताराच्या, भरतीचे दिवस, त्यामुळे प्रवाहही सौम्य. आता अमावास्या किंवा पौर्णिमा घ्या. भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणजे पहाटे सहाला आणि संध्याकाळी सहाला तोंडं कोरडी. निघायला नऊ वाजतात, तोवर मतलई संपते. अंधार पडताना पोचाल तेव्हा दार मिटलेलं असतं, आणि उतरत्या पाण्यात अडकलेली नाव पुढची भरती येईपर्यंत कलंडून राहते.

म्हणून षष्ठी ते दशमी हे चालायचे दिवस. बाकीच्या दिवसांसाठी असे मुक्काम निवडावेत जिथे दाराची अडचण नाही. बाणकोटला सावित्रीच्या आणि पूर्णगडला मुचकुंदीच्या तोंडाशी वाळू साचते, तिथे भरती पाहूनच शिरावं. उलट विजयदुर्गाला वाघोटणच्या तोंडाशी खोल, आडोशाचं पाणी आहे. मराठा आरमाराने ती जागा उगाच निवडली नव्हती. उधाणाचे चार दिवस तिथे काढावेत.

लांबच्या टप्प्यांपैकी एक राजपुरी ते हर्णे, तीसेक मैलांचा. त्यात मध्यावर श्रीवर्धन येतं. दुपारी बारापर्यंत श्रीवर्धन मागे पडलं नसेल तर हर्ण्याचा हट्ट सोडावा आणि तिथेच आसपास नांगर टाकावा. असा एक ठाम टप्पा प्रत्येक दिवसाला आदल्या रात्रीच कागदावर लिहून ठेवावा. समुद्रावर दमलेलं डोकं असे निर्णय नीट घेत नाही.

ऋतूबद्दल थोडक्यात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जूनपासून हा किनारा लहान नावेचा नाही. राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते, आणि कोळी बांधव नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मगच नावा लोटतात. १७ जुलै १९४७ ला, आषाढ अमावास्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. ती तर मोठी आगबोट होती. प्रत्येकाला लाइफ जॅकेट, व्हीएचएफ रेडिओ, तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आणि माणशी दिवसाला चार लिटर पाणी, यात काटकसर नको. उत्तर कोकणात समुद्रात रोवलेल्या डोल जाळ्यांमुळे रात्री चालणं टाळावं. मालवणला सिंधुदुर्गाभोवती खडक पसरलेले आहेत, तिथे एखाद्या तांडेलाला, म्हणजे तिथल्या नावेच्या प्रमुखाला, विचारल्याशिवाय आत वळू नये.

आग्वादला पोचलं की कालवा पुन्हा भेटतो. मांडवीच्या तोंडाशी आग्वादचा वाळूचा दांडा आहे. पावसाळ्यात तिथे लाटा अशा फुटतात की वाहतूक बंद पडते. तेव्हा खनिजाच्या बार्जी कुंभारजुवे कालव्याने आतल्या आत झुआरीत उतरून मुरगाव बंदर गाठत. सतराएक किलोमीटरची ही वाट दोन नद्यांना जोडते, दोन्ही टोकांनी तिच्यात भरती शिरते, आणि काठच्या चिखलात मगरी ऊन खात पडलेल्या असतात. हातपाय पाण्यात सोडून बसू नये. जवळच मांडवीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात ५६ फुटी ‘म्हादेई’ ही शिडाची नौका बांधली गेली. तिच्यातूनच दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, असं करणारे ते पहिले भारतीय.

कुंभारजुवे कालव्यात शिरताना मात्र आतापर्यंतचा हिशेब उलटा फिरतो. वाळूच्या दांड्यावरून जायला भरपूर पाणी लागतं, पुलाखालून जायला कमी. पुलांची उंची भरतीच्या पाण्यापासून मोजलेली आहे की आणखी कशापासून, हे नकाशावर आधी वाचावं, आपल्या डोलकाठीची उंची पाण्यापासून टोकापर्यंत दोरीने मोजावी, वर रेडिओची काठी असेल तर तीही धरावी. फरक मीटरभराहून कमी निघाला तर ओहोटीला जावं. तेवढ्यानेही जमत नसेल तर डोलकाठी उतरवून ठेवावी. कोकणातल्या खाड्यांवर आता जागोजागी पूल आहेत, त्यामुळे ही दोरी मुंबईलाच मोजून, गाठ मारून, सुकाण्याजवळ टांगलेली बरी.